दाजींची दुसरी चाचणी

एम.ए. झाल्यावर मला जी पहिली नोकरी लागली, ती माझ्या मायला शेवटपर्यंत समजावून सांगता आली नाही. "दारू पेणाऱ्या माणसायला प्रश्न विचारायची सरकारी नोकरी हाय," एवढंच ती शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. नोकरी सरकारी नव्हती आणि कायमचीही नव्हती. औरंगाबादला ज्या विभागात मी मानसशास्त्र शिकलो, तिथल्या माझ्या सरांना एका संशोधनासाठी अनुदान मंजूर झालं होतं आणि हाताखाली एक माणूस हवा होता.

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचा स्वभाव मोजता येईल अशी चाचणी मराठीत तयार करायची, असं ते काम होतं. सरांकडे परदेशी चाचण्या होत्या, पण त्यांतली विधानं आमच्या माणसांच्या कामाची नव्हती. एका ठिकाणी विचारलं होतं, मेजवानीत अनोळखी लोकांशी तुम्ही सहज गप्पा मारता का. आमच्याकडे अनोळखी माणूस मेजवानीला येतोच कुठून? सर म्हणायचे, आपला पिणारा माणूस कशाला भितो, कशानं चिडतो, उद्याचा विचार करतो का, हे त्याच्याच बोलीत विचारलं पाहिजे. व्यसनी आणि निर्व्यसनी माणसं ज्या विधानांना वेगवेगळी उत्तरं देतील तेवढीच ठेवायची. मग कोण स्वतःहून सोडू शकेल आणि कोणाला आधार लागेल, हे तालुक्याच्या डॉक्टरला आधीच कळेल.

"तू मूळचा कुठला?" सरांनी विचारलं.

"पुसेगावचा. हिंगोलीपासून जवळ आहे."

"मग तिकडेच सुरुवात कर. बाहेरच्या माणसाशी ते बोलणार नाहीत."

मला ते सगळं पटलं होतं. शिकलेलं काहीतरी आपल्या माणसांच्या उपयोगी पडणार, असं मला मनापासून वाटत होतं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. विधानांचे छापील कागद पिशवीत घालून मी कळमनुरीला आलो.

कळमनुरीच निवडलं, कारण तिथं माझी थोरली बहीण दिलेली होती. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बांधकाम खात्यात रोड रोलर चालवायचे. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरींमध्ये आक्काचंच लग्न इतकं चांगलं झालं, असं सगळे म्हणायचे. दाजी अंगानं थोराड, बोलायला मवाळ. लग्नात त्यांनी स्वतः माईक धरून पंचशील म्हटलं होतं आणि पाचवं शील, मद्यपान न करण्याचं, म्हणताना गावातल्या दोन-तीन पिणाऱ्यांकडे बघून ते हसले होते. मी तेव्हा शाळेत होतो. पुढं सुटीत आलो की ते मला रोलरवर शेजारी उभं करायचे. रोलर इतका हळू चालायचा की म्हातारी माणसं आम्हाला मागं टाकून पुढं जायची आणि दाजी त्यांना वाकून जयभीम घालायचे.

दुष्काळात सगळीकडे रस्त्यांची कामं निघाली. औंढ्याकडच्या एका कामावर दाजींचा मुक्काम पडला. माळावर तंबू, आजूबाजूला खडी फोडणारी हजारो माणसं, आणि महिनोन् महिने घर नाही. तिथंच त्यांना दारू लागली. लोक म्हणायचे, संगतीनं लागली. आक्का म्हणायची, तंबूत झोप येत नव्हती म्हणून लागली. दाजींनी स्वतः त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. मी कळमनुरीला गेलो तेव्हा ते निलंबित होते. कामावर पिऊन रोलर नाल्यात घातला म्हणून. माणूस कोणी दगावलं नव्हतं.

सकाळी मी सरकारी दवाखान्यात जाऊन बसायचो. डॉक्टरांनी व्हरांड्याच्या टोकाला एक बाक दिला होता. पोटात पाणी झालेली, डोळे पिवळे झालेली, हात थरथरणारी माणसं ते माझ्याकडे पाठवायचे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक विधान वाचायचो आणि त्यांनी हो की नाही ते सांगायचं.

पहिल्याच माणसाला मी वाचून दाखवलं, "मला वारंवार उदास वाटते."

"व्हय," तो म्हणाला.

"माझे मन नेहमी प्रसन्न असते."

"व्हय."

"अहो, दोन्ही कसं असेल?"

"सायेब, तुमी लिहून आणलं म्हंजे बराबरच असंल की."

तो थट्टा करत नव्हता. दवाखान्यात टेबलामागं बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्याला माहीत होतं. बाकावर आलेली निम्मी माणसं तशीच उत्तरं द्यायची. 'उदास' काढून मी 'करमत नाही' घातलं, 'प्रसन्न' काढून टाकलं, 'वारंवार'च्या जागी 'घडीघडी' केलं. त्यानं थोडा फरक पडला. मग नवीनच अडचण आली. खोटं पकडायला सरांनी मुद्दाम एक विधान घातलं होतं, मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही. याला जो हो म्हणेल त्याच्या बाकीच्या उत्तरांवर भरवसा ठेवायचा नाही, असा नियम होता. आमच्याकडचा प्रत्येक माणूस हो म्हणायचा. परक्यासमोर, तेही सरकारी आवारात, मी खोटं बोलतो असं कोण कबूल करेल? नियम पाळला असता तर सगळेच कागद फाडावे लागले असते.

डॉक्टर चांगला माणूस होता. पुण्याकडून आलेला, कधी बदली होते याची वाट पाहणारा. दुपारी रोगी संपले की तो माझे कागद चाळायचा.

"समजा तुमच्या चाचणीनं मला सांगितलं की हा माणूस मनानं कमकुवत आहे," तो एकदा म्हणाला. "पुढं मी त्याला काय देऊ? माझ्याकडे बी-कॉम्प्लेक्स आहे."

"अशा लोकांसाठी वेगळी सोय होईल ना, सर. केंद्रं निघतील. पण आधी कोणाला काय हवं ते तरी कळलं पाहिजे."

"कुठं निघतील?"

मी काहीतरी मोघम बोललो. त्यानं कागद नीट जुळवून परत दिले आणि हात धुवायला गेला.

घरी आक्काच्या डोक्यात वेगळंच होतं. मी आल्यापासून ती माझ्या पिशवीकडे मोठ्या आशेनं बघत होती. एका सकाळी भाकरी थापता थापता तिनं विषय काढला.

"तू लोकायला तपासून राहिला. मंग घरच्या माणसाला काहून न्हाई तपासत?"

"आक्का, ते औषध न्हाई. नुसते प्रश्न हायेत."

"व्हय, पण प्रश्न विचारल्यावर तुला कळंल ना याह्यले काय झालंय ते. कळलं की मंग सांग. मी करीन तसं."

मी तिला थर्मामीटरचं उदाहरण दिलं. थर्मामीटरनं ताप कळतो, उतरत नाही. तिनं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "ताप कळल्याबिगर डॉक्टर सुई तरी कशी देईल?"

सरही शेवटी हेच म्हणत होते.

दाजी सकाळी शुद्धीत असायचे. मी विचारलं तेव्हा ते लगेच तयार झाले. अंघोळ करून, इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले. आक्कानं चहा ठेवला आणि ती आत गेली, पण दाराआडच उभी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दाजी सातवीपर्यंत शिकलेले. कागद त्यांनी स्वतःच घेतला आणि प्रत्येक विधानापाशी बोट ठेवून वाचू लागले. दवाखान्यातल्या माणसांसारखी घाई त्यांनी केली नाही. काही ठिकाणी पेन्सिल उचलून बराच वेळ थांबले.

"पाव्हणे, हे बघा," ते मध्येच म्हणाले. "'मी दिलेला शब्द पाळतो.' याला काय लिहू?"

"जे खरं वाटतं ते लिहा, दाजी."

"द्यायच्या वक्ताला पाळायचाच असते. खोटा देत न्हाई मी." त्यांनी आत दाराकडे पाहिलं. "पण पाळला जात न्हाई. इथं दोनच खाने हायेत."

शेवटी त्यांनी 'नाही'वर खूण केली. खोटं पकडायच्या विधानालाही त्यांनी नाही म्हटलं. त्या दिवसांत माझ्या हाती आलेल्या कागदांत इतका प्रामाणिक दुसरा नव्हता. गुण काढले तेव्हा ते पिणाऱ्यांच्या बाजूला पार टोकाला गेले. करमत नाही, आपल्यामुळं घरच्यांना तकलीफ होते, एकदा मनात आलं की धीर निघत नाही, या सगळ्यांवर त्यांची 'होय'ची खूण होती, आणि पुढं काही चांगलं होईल असं वाटतं, यावर 'नाही'ची. वाचताना मला ते रोलरवरून वाकून जयभीम घालणारे दाजी आठवत राहिले.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, सोडायचा प्रयत्न करणार का. ते म्हणाले, "प्रयत्न तर रोजच करून राहिलो."

पण दोन-चार दिवसांनी खरोखरच काहीतरी घडलं. पौर्णिमेला विहारात वंदना होती. दाजी बऱ्याच काळानं तिथं गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, आजपासून मी पिणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुष्कळांनी असं ऐकलेलं होतं. तरी त्या रात्री ते घरी आले, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. पहिला आठवडा फार वाईट गेला. अंगाला घाम, हाताला कंप, पाणी प्यायचा तांब्या तोंडाशी नीट जाईना. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर ते सावरले. बाजारात जाऊन भाजी आणू लागले, आक्काला चुलीसाठी लाकडं फोडून देऊ लागले. खात्यात अर्ज केला आणि साहेबांनी विचार करतो म्हणून सांगितलं. आक्का तर चालताना गुणगुणायची. मी औरंगाबादला परत जाताना तिनं मला बसस्टँडवर पोचवायला दाजींना पाठवलं, आणि आम्ही दोघं रस्त्यानं सरळ साधं काहीतरी बोलत गेलो. नवीन डांबर कसं पडतंय, हळदीला भाव आहे का, असंच.

औरंगाबादला सरांनी सांगितलं, आता पुनर्चाचणी. चाचणी भरवशाची आहे का हे बघायचं तर त्याच माणसांना काही आठवड्यांनी तीच विधानं पुन्हा द्यायची. उत्तरं जुळली तर चाचणी पक्की. मी परत कळमनुरीला आलो. दवाखान्यात पहिल्या खेपेची सगळी माणसं मिळाली नाहीत. काही गावाकडे निघून गेली होती आणि दोघं वारले होते. पोटात पाणी झालेला तो पहिला माणूस, ज्याला सगळंच बराबर वाटत होतं, तो त्यांतलाच एक. मिळाले त्यांच्याकडून मी कागद भरून घेतले.

दाजी अजूनही पीत नव्हते. चेहऱ्यावर तरतरी आली होती. ते पूर्वीसारखेच ओसरीवर बसले, बोट ठेवून वाचू लागले आणि या वेळी कुठं न थांबता खुणा करत गेले. मला वाटलं होतं, आता निदान काही उत्तरं फिरतील. दुपारी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. जवळपास सगळं तसंच होतं. करमत नाही, तसंच. पुढं काही चांगलं होईल असं वाटत नाही, तसंच. शब्द पाळला जात नाही, त्यावरही तीच खूण.

"दाजी," मी त्यांना विचारलं, "तुमी तर महिनाभर पेले न्हाई. तरी इथं 'नाही'च?"

"पेलो न्हाई, ते बाहेरून," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर आतलं इचारलंय ना?"

आक्का वाटच पाहत होती. ते बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "काय निघालं? फरक पडला ना?"

मी खरं ते सांगितलं. "कागदावर फरक न्हाई, आक्का. पहिल्यासारखंच हाय."

तिनं ते उडवूनच लावलं. "कागदाले काय कळतंय. मी रोज बघून राहिले ना माणूस."

मी कागद घेऊन परत गेलो तेव्हा सर फार खूश झाले. भाषा बदलून घेतल्यानंतरची विधानं चांगली टिकली होती. दाजींचे कागद त्यांना नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं माहीत होते. ते दोन कागद त्यांनी विद्यार्थ्यांसमोर उदाहरण म्हणून दाखवले आणि म्हणाले, "बघा, किती स्थिर. असं साधन हवं." मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. माणूस तसाच राहिला की आमचं साधन चांगलं ठरत होतं. शास्त्र म्हणून त्यात चूक काहीच नव्हती, आणि मी सरांना कधी तसं म्हटलंही नाही.

दाजींनी पुन्हा प्यायला सुरुवात केली ती खात्याचं पत्र आल्यावर, असं लोक सांगतात. त्यांना कामावरून कायमचं काढलं होतं. पण आक्का मला म्हणाली, पत्राच्या चार दिवस आधीच ते पिऊन आले होते. काही कारण नव्हतं. त्या दिवशी जेवण चांगलं झालं होतं, भांडण नव्हतं, पावसाची झड होती. छत्री घेऊन काडेपेटी आणायला गेले आणि छत्री कुठंतरी टाकून आले.

त्यानंतर मी गेलो तेव्हा आक्का दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होती. दाजी खाटेवर होते आणि मला ओळखत होते, पण बोलत नव्हते. संध्याकाळी आक्का चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "ते तुझे प्रश्न मला इचार."

"ते बायांसाठी न्हाईत, आक्का. आणि तू कुठं पेतेस."

"तरी इचार. मला कोणी काही इचारलंच न्हाई कधी."

कागद पिशवीतच होते. मी एकेक विधान वाचत गेलो आणि ती जाळ सारत सारत उत्तरं देत गेली. "मला कुठंच करमत नाही." व्हय. "लोक माझ्या पाठीमागं बोलतात." व्हय. "पुढं काही चांगलं होईल असं मला वाटतं." ती हसली आणि म्हणाली, "हे परत वाच." मी परत वाचलं. "न्हाई," ती म्हणाली, अगदी सहज, जसं मीठ हवंय का विचारल्यावर सांगावं तसं. काही विधानं राहिली होती तोवर आत दाजींना ओकारी आली आणि ती उठून गेली. मी खुणा केल्याच नव्हत्या. करून त्याचं काय करणार होतो? सरांना पिणारे पुरुष हवे होते आणि न पिणारे पुरुष हवे होते. पिणाऱ्यांच्या बायकांचा खाना आमच्या संशोधनात नव्हता.

अनुदान पुढं मिळालं नाही. चाचणीची पुस्तिका छापली गेली, पातळ, निळ्या पुठ्ठ्याची. एक प्रत मी कळमनुरीच्या दवाखान्यात नेऊन दिली. तोवर त्या डॉक्टरची बदली झाली होती. नव्यानं आलेल्यानं ती उभ्या उभ्याच चाळली आणि विचारलं, हे द्यायचं कोणी, आमच्याकडे तर कंपाउंडरची जागाही रिकामी आहे. त्याच दवाखान्यात, उन्हाळ्याच्या तोंडाला, दाजी वारले. शेवटी त्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी पोचलो तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. आक्का त्यांच्या पायांना तेल लावत बसली होती, कारण पाय गार पडले होते आणि दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विहारातले लोक आले, सगळं रीतीप्रमाणे झालं. बांधकाम खात्यातले दोन जुने सोबती मागं उभे होते. त्यांतल्या एकाच्या तोंडाला वास येत होता.

सरांनी मला दुसऱ्या कामावर घ्यायची तयारी दाखवली होती, पण मी एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि तिथंच राहिलो. स्वभाव मोजायच्या त्या शास्त्राशी नंतर माझा संबंध आला नाही. कधीमधी वाटतं, विधानं अजून चांगली करता आली असती. मग वाटतं, केली असती तरी ती कोणाला वाचून दाखवली असती, आणि उत्तर मिळाल्यावर त्या माणसाला कुठं पाठवलं असतं?

तेरवी वगैरे आमच्यात नाही. आठवड्यानं मी आक्काला पुसेगावला न्यायला आलो. तिला मूलबाळ नव्हतं. सामानही फारसं नव्हतं, भांडी एका पोत्यात बसली. हिंगोलीला बस बदलली तेव्हा तिला खिडकीपाशी जागा मिळाली आणि बस सुटताच ती झोपली. रस्ता खराब होता, डोकं गजावर आपटत होतं, तरी जागी होईना. कित्येक वर्षांची झोप ती तिथं घेत होती. मी माझा हात गज आणि तिचं डोकं यांच्यामध्ये धरला. पुसेगावच्या फाट्यावर कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा तिनं डोळे उघडले.

"कुठं आलो?" तिनं विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पोतं तू घे. माझ्यानं उचलवणार न्हाई."